ओढून पाहिलं म्हणजे पकड मोजली, असं होत नाही

कंपोझिटबद्दल, म्हणजे रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या चिकट द्रवात) बारीक धागे, म्हणजे फायबर, बसवून केलेल्या साहित्याबद्दल, एक सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो: फायबरचं टोक रेझिनमध्ये बुडवा, कडक झालं की ओढून बघा. जोर जास्त लागला तर पकड पक्की, आणि पकड पक्की तितकी वस्तू मजबूत. ऐकताना पटतं, पण घात इथेच होतो.

आधी 'जोर जास्त लागला' हे घेऊ. किती लांबी बुडाली होती हे माहीत नसेल तर नुसत्या जोराला अर्थ नाही. कार्बन फायबर साधारण 7 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतं. त्याची ताकद 4000 मेगापास्कल (ठरावीक क्षेत्रफळावर पेलल्या जाणाऱ्या जोराचं माप) आणि रेझिनची पकड 50 मेगापास्कल धरून हिशोब करा: 140 मायक्रॉनहून जास्त बुडालं की फायबर सुटण्याआधी तुटतंच. मिलिमीटरचा जेमतेम सातवा भाग! टोक बोटभर बुडवून ओढलं तर मोजली जाते ती फायबरची ताकद, पकड नव्हे. म्हणून पकड मोजण्याच्या मायक्रोबाँड नावाच्या चाचणीत एकाच फायबरवर रेझिनचा इवलासा थेंब बसवतात. मायक्रोस्कोपखाली तो दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखा दिसतो. थेंब दोन पात्यांना अडवून फायबर ओढलं की तो सुटतो. पात्यांमधली फट जरा बदलली तरी आकडा बदलतो. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत 12 प्रयोगशाळांनी तेच फायबर, तेच रेझिन वापरलं, तरी त्यांच्या आकड्यांत मोठी तफावत आली. तेव्हा चाचणीची पद्धत न सांगता दिलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

'लॅमिनेट (कंपोझिटचे थर एकावर एक चिकटवून केलेला पत्रा) ताणलं, टिकलं, म्हणजे पकड उत्तम' हेही चूक. फायबरच्या दिशेने ताणताना जवळजवळ सगळा भार फायबरच पेलतं. तेच 90 अंशांत आडवं ताणून बघा, कच्ची पकड लगेच उघडी पडते.

'पकड जितकी पक्की तितकं चांगलं' हे तर धोक्याचं. पकड फार घट्ट असली की एका फायबरची चीर थेट शेजारच्यात घुसते आणि तुकडा काचेसारखा फुटतो. फायबर थोडं सुटून घासत बाहेर येतं, त्यात धक्क्याची ऊर्जा जिरते. गोळी अडवणाऱ्या अ‍ॅरॅमिडच्या (केव्हलारसारख्या चिवट फायबरच्या) हेल्मेटमध्ये पकड मुद्दाम बेताची ठेवतात ती याचसाठी.

आणि पाणी? त्या सल्ल्यात त्याचा उल्लेखच नाही. ग्लास फायबर आणि रेझिनच्या सांध्यात पाणी शिरलं की पकड ढिली होते. सिलेनचा (काच आणि रेझिन जोडणाऱ्या रसायनाचा) लेप हे ढिलं होणं लांबवतो, पूर्ण थांबवत नाही. बोटीसाठी किंवा टाकीसाठी नमुना भिजवून पुन्हा मोजावाच लागतो.