एक्स-रेच्या खोलीत नुसतं "श्वास घ्या, धरा" पुरत नाही

एक्स-रे पुन्हा काढावा लागला की आपण खापर फोडतो पेशंटवर: हलला. माझ्या मते बऱ्याचदा त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. रेडिओग्राफी शिकणाऱ्यांनी निदान हे अर्धं मिनिट वाचवू नये.

छातीचा एक्स-रे घ्या. बटण दोन टप्प्यांत दाबतात. पहिल्या टप्प्याला ट्यूबमधला अ‍ॅनोड, म्हणजे जिथून किरण निघतात ती चकती, फिरायला लागतो, घर्रर्र आवाज येतो. पेशंटला वाटतं झालं, तो श्वास सोडतो, आणि एक्सपोजर नेमकं त्यानंतर होतं! म्हणून आधीच सांगायचं, "आजी, घरघर ऐकू आली तरी फोटो निघालेला नसतो. मी 'सोडा' म्हणेपर्यंत श्वास धरा." बटण न दाबता एकदा तालीमही करून घ्यायची. श्वास अर्धवट राहिला तर हृदय मोठं दिसतं, फुप्फुसांचा तळ धुरकट येतो आणि नसलेल्या न्यूमोनियाची शंका येते.

खांद्यावर रुळणारी जाड वेणी फुप्फुसाच्या शेंड्यावर सावली टाकते, आणि टीबीसाठी तर आधी तिथेच बघतात. वेणी वर बांधायला लावा, वळेसराची पिनही काढायला सांगा. मंगळसूत्र उतरवायला लावताना कारण द्या: सोनं पांढरं उमटतं, त्याच्या मागचं दिसत नाही. मनगटाच्या एक्स-रेला मात्र मंगळसूत्राचा काही संबंध नसतो, तरी "सगळं काढा" हे फर्मान सुटतंच. तिथे अडचण हिरव्या चुड्याची, कारण काचही उमटते. सूज नसेल तर बांगड्या कोपराकडे सरकवल्या की भागतं.

"एकाच हाताचे दोन फोटो कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. नारळाला गेलेली चीर समोरून दिसली नाही तर तो फिरवून बघतातच ना, तसंच हे.

पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर घसरून हात टेकणारे पुष्कळ. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर स्कॅफॉइडचं, म्हणजे मनगटातल्या एका छोट्या हाडाचं, फ्रॅक्चर पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. डॉक्टर हात बांधून 10-14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे सांगतात. हे आधी कळलं नाही तर मशीन बिघडल्याची बोंब गावभर.

किरणांबद्दल विचारलं की "काही होत नाही" हे उत्तर मला पटत नाही. आकडा सांगा. छातीच्या एका एक्स-रेला साधारण 0.02 मिलिसीव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक), निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतात. म्हणजे तीनेक दिवसांचा हिशेब. कमरेच्या एक्स-रेला याच्या कितीतरी पट लागतात, तेही लपवू नका.

आणि गरोदरपणाचा प्रश्न सासऱ्यांसमोर मोठ्याने विचारला तर उत्तर "नाही" असंच येणार. सोबतच्यांना बाहेर बसवून विचारा. विचारणारा मुलगा असेल तर सरळ सिस्टरना बोलवा.