‘तोडफोड करायला मिळते म्हणून खेळतात’ हे खरं नाही

जीटीए म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’. अशा व्हिडिओ गेम्सबद्दल एक मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच. या गेममध्ये गाड्या चोरायच्या, माणसं उडवायची, पोलिसांवर गोळ्या झाडायच्या. मुलांना हिंसेची चटक लागते म्हणून ती खेळतात. डोकं चालवण्यासारखं त्यात काही नाही. गुन्हा केला तरी काही होत नाही, हेच मुलं शिकतात आणि उद्या रस्त्यावर तेच करतात. तेव्हा सरसकट बंदी घाला. यामागची काळजी खरी आहे, पण विधानं गेम हातात न घेता केलेली आहेत.

पहिलं विधान हिंसेच्या चटकेचं. नुसता गोळीबारच हवा असेल तर त्यासाठी अख्खं शहर कशाला लागतं? बोळातून पुढे सरकत समोर येईल त्याला टिपायचं, असे गेम १९९०च्या दशकापासून मुबलक आहेत. ओपन वर्ल्डकडे, म्हणजे अख्ख्या शहरात हवं तसं फिरू देणाऱ्या गेमकडे, माणूस वळतो ते दुसऱ्याच कशासाठी तरी. आपल्याकडे सायबर कॅफेत आणि मित्रांच्या पीसीवर एका पिढीने ‘व्हाइस सिटी’ खेळला. जीटीए मालिकेतलाच २००२ सालचा हा गेम. त्यात अँब्युलन्समध्ये बसून एक बटण दाबलं की पेशंट गोळा करून हॉस्पिटलला पोचवायचं काम सुरू होतं. पहिल्या लेव्हलला एक पेशंट, दुसऱ्या लेव्हलला दोन, असं करत बाराव्या लेव्हलला बारा. गाडीत एका वेळी तीनच मावतात, घड्याळ उलटं पळत असतं आणि घाईत पेशंटलाच धडक बसली की सगळं फुकट. बारा लेव्हल पार केल्या की आपला माणूस कितीही धावला तरी दमत नाही. या बक्षिसासाठी शाळकरी पोरं दुपारच्या दुपार माणसं वाचवत फिरायची. टॅक्सी चालवणं, आग विझवणं, स्कूटरवरून पिझ्झा पोचवणं हेही होतंच. आज ‘जीटीए ५’चे रोलप्ले सर्व्हर, म्हणजे एकेक भूमिका घेऊन ऑनलाइन एकत्र खेळायच्या जागा, भारतातही जोरात चालतात. तिथं कुणी पोलीस होतं, कुणी डॉक्टर, कुणी गॅरेज चालवतं, आणि कारण नसताना कुणाला मारलं तर सर्व्हरवरून हाकलतात. फक्त हिंसेसाठी आलेला माणूस हा नियम मान्य करून तासन्‌तास तिथं बसला नसता.

‘डोकं लागत नाही’ हे विधान मला सगळ्यात जास्त खटकतं. जीटीएचा जन्मच पाहा. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात डीएमए डिझाइन नावाची कंपनी १९९५च्या सुमारास ‘रेस अँड चेस’ नावाचा गेम बनवत होती. चोर-पोलिसांच्या पाठलागाचा साधा गेम, आणि तो कंटाळवाणा होत होता. मग पोलिसांच्या गाड्यांच्या प्रोग्रॅममध्ये गडबड झाली. गाड्या रस्ता अडवण्याऐवजी खेळणाऱ्याच्या अंगावरच धावून यायला लागल्या. बनवणाऱ्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, टेस्टिंग करणाऱ्यांना नेमकं तेच आवडलं आणि गेमला दिशा मिळाली. १९९७ साली तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ म्हणून बाजारात आला. लोकांना तिथं काय आवडलं असेल? रक्त नव्हे, वरून दिसणाऱ्या त्या चिमुकल्या चित्रांत रक्त दिसून दिसणार किती? आवडलं ते हे, की आपण काहीतरी केलं आणि शहराने उलट उत्तर दिलं, तेही कुणी आधी लिहून न ठेवलेलं.

स्टॉकहोमच्या अॅव्हलांच स्टुडिओजने २०१० साली काढलेल्या ‘जस्ट कॉज २’मध्ये हीच गोष्ट टोकाला नेलेली दिसते. पनाऊ नावाचा काल्पनिक बेटांचा देश, सुमारे हजार चौरस किलोमीटरचा नकाशा, आणि मनगटावर हुक असलेली दोरी. या दोरीचं एक टोक एका वस्तूला आणि दुसरं दुसऱ्या वस्तूला अडकवता येतं. बंदुका आहेतच, पण खरं हत्यार हेच. पण पाठलाग करणाऱ्या जीपचं नाक पुलाच्या कठड्याला बांधलं तर? पुतळा हेलिकॉप्टरला जोडून ओढला तर? गोळी लागली की गॅसचं सिलिंडर रॉकेटसारखं उडतं हे एकदा कळलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: त्याला गाडी बांधली तर? हे कुठल्याही मिशनमध्ये सांगितलेलं नसतं. आपण अंदाज बांधतो, करून बघतो, फसतो, दोरीची जागा बदलून पुन्हा करतो. बाहेरून बघणाऱ्याला फक्त स्फोट दिसतो. खेळणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा वजन, वेग आणि अंतर यांचा हिशेब चाललेला असतो. याच ओढीने चाहत्यांनी स्वतः खपून या गेमचा मल्टिप्लेअर मॉड, म्हणजे अनेकांना एकत्र खेळता येईल असा बदल, बनवला आणि शेकडो लोक एकाच बेटावर एकदम धिंगाणा घालू लागले. असली गोंधळाची मजा नियम पक्के असतील तरच येते. दोरी कधी ओढते, कधी ओढत नाही असं असतं तर दहा मिनिटांत सगळे कंटाळले असते.

‘शिक्षाच होत नाही’ हे अर्धवट खरं आहे. व्हाइस सिटीत पोलिसांनी पकडलं की थोडे पैसे आणि सगळी हत्यारं जातात, आणि आपण स्टेशनच्या पायऱ्यांवर पुन्हा मोकळे. शिक्षा हलकीच म्हणायची. पण पोलीस नसतील तर गेम उरतच नाही. गुन्हे वाढतील तसे पडद्यावर स्टार वाढतात. एक स्टार लागला की पायी हवालदार मागे लागतात, तीन स्टारला हेलिकॉप्टर घिरट्या घालतं, सहा स्टारला लष्कराचे रणगाडे येतात. सुटायचं तर गाडी रंगवायला गॅरेजमध्ये घुसवायची. ‘लीव्ह मी अलोन’ हा चीट, म्हणजे टाइप करायचा गुप्त कोड, टाकून स्टार पुसता यायचे, हे तेव्हाच्या प्रत्येक पोराला पाठ होतं. आणि सतत तो टाकून खेळलं की गेम किती मिळमिळीत लागतो, हेही त्यांनाच विचारा. थरार पाठलागात होता.

आता ‘रस्त्यावर तेच करतात’. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास छापला. आक्रमकतेबद्दल पालकांना विचारलं आणि गेम किती हिंसक हे अधिकृत रेटिंगवरून ठरवलं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध सापडला नाही. त्याआधी, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात मोठ्या माणसांना दोन महिने रोज ‘जीटीए ५’च खेळायला दिला होता. त्यांची आक्रमकता वाढली नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली म्हटलं की आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी या गेम्सचा छोटासा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराशी तो जोडायला पुरेसा पुरावा नाही. घरात चिडचिड वाढली असेल तर ती तक्रार गंभीरपणे घ्यायलाच हवी. पण चिडचिडा मुलगा आणि गुन्हेगार यांच्यामधलं अंतर हा फिरता मजकूर एका वाक्यात पार करतो, ते चुकीचं आहे.

राहिली बंदी. हिंसक गेम मुलांना विकायला मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. तिथल्या घटनेचा तो प्रश्न होता, आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू होत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र माझं मत मजकूर फिरवणाऱ्यांपेक्षा फार वेगळं नाही. ‘जीटीए ५’ला युरोपात १८ वर्षांचं रेटिंग आहे, आणि ते योग्यच आहे. त्यात छळाचा एक प्रसंग खेळणाऱ्याच्या हातून घडवून घेतलाय, बायकांचं चित्रण बऱ्याच ठिकाणी हिणकस आहे, आणि ऑनलाइन भागात खऱ्या पैशांनी खोटे पैसे विकतात. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती हा गेम देऊ नका. त्याला मोडतोड करून बघायचीच असेल तर ठोकळे रचायचा माइनक्राफ्ट हा गेम द्या, टीएनटीची स्फोटकं तिथंही आहेत. आणि घरातला पंचवीस वर्षांचा भाऊ कामावरून येऊन तासभर पनाऊच्या आकाशात सिलिंडरला गाडी बांधत बसला असेल, तर शेजारी बसून त्याला विचारा की आता काय करून बघतोयस. त्याच्याकडे उत्तर तयार असेल.