‘नंबर देऊनही लेन्स दिली नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

“चष्म्याचा नंबर दिला होता, तरी पुन्हा तपासणीचे पैसे घेतले, दोन तास बसवलं आणि शेवटी कॉन्टॅक्ट लेन्स न देताच पाठवलं.” तुम्ही लिहिलंय ते सगळं तसंच घडलं. एक स्टार बघून वाईट वाटलं, पण खोटं काही नाही त्यात.

आधी आमची चूक. फोनवर तुम्हाला “या, अर्ध्या तासात होईल” असं सांगितलं गेलं आणि फिटिंगची, म्हणजे लेन्स डोळ्यावर नीट बसते का ते तपासण्याची, फी वेगळी असते हे सांगायचं राहिलं. पहिल्यांदा लेन्स लावणाऱ्याचं काम अर्ध्या तासात होत नाही, हे आम्हाला रोज दिसतं. त्यात शनिवारची संध्याकाळ. फीचा बोर्ड आता काउंटरवर लावलाय. तो आधीच लावायला हवा होता.

पुन्हा तपासणी का, ते मात्र सांगायला हवं. तुमच्या डोळ्यांचे तपशील इथे चारचौघांत लिहिणार नाही, म्हणून सर्वांना लागू पडेल असं सांगते. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते आणि लेन्स थेट बुबुळावर बसते. नंबर ४ च्या पुढे गेला की हे अंतर जाणवतं. चष्मा उणे ६ चा असेल, तर लेन्स उणे ५.५ च्या आसपास लागते. शिवाय बुबुळाची गोलाई चष्म्याच्या कागदावर नसतेच. हनुवटी टेकवून ज्या मशीनमध्ये बघायला लावलं, ते त्यासाठीच. बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसली की सिलिंडरचा नंबर येतो. तो बऱ्यापैकी असेल तर सहसा टोरिक लेन्स लागते. ती डोळ्यात फिरून चालत नाही, ठरलेल्या कोनात थांबावी लागते. म्हणून ट्रायल लेन्स घालून पंधरा-वीस मिनिटं बसवतो आणि मग तिच्यावरची खूण कुठे आहे ते बघतो. तेवढी वाट लेन्ससाठी, बाकीची आमच्या गर्दीमुळे. टोरिकचे सगळे नंबर दुकानात ठेवता येत नाहीत, बरेचदा मागवावे लागतात.

“स्वतःच्या हाताने काढून दाखवा, मगच देऊ, असं शाळेसारखं केलं,” हेही तुम्ही लिहिलंय. इथे मी माघार घेणार नाही. लेन्स घालणं एकवेळ जमतं, काढताना घाबरगुंडी उडते. रात्री अकराला “निघतच नाहीये” म्हणून येणारे फोन मी घेतलेत. मग घाईत कुणी डोळा चोळतं, कुणी लेन्स नळाच्या पाण्याने धुतं. त्या पाण्यातल्या अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्म जिवाने बुबुळाला इन्फेक्शन झालं तर दृष्टीवर बेततं. त्यापेक्षा आमच्यावरचा राग परवडला.

ऑनलाइन स्वस्त मिळते, खरंय. फिटिंग पूर्ण झालं की पॉवर, बेस कर्व्ह (लेन्सची गोलाई) आणि डायमीटर (लेन्सची रुंदी) लिहिलेला कागद देऊ. लेन्स कुठूनही घ्या, आमचा आग्रह नाही.

फिटिंगची फी पुन्हा द्यायची नाही. मंगळवार ते गुरुवार सकाळी क्लिनिक बरंच रिकामं असतं, फोन करून या, तासभर हाताशी ठेवा. दुचाकीवर येणार असाल तर परतताना डोळ्यांना गॉगल लागेल, आपल्या रस्त्यांवरची धूळ तुम्हाला माहीतच आहे. आणि येताना नखं कापून या, काजळ त्या दिवशी नको.