जुना लॅपटॉप भंगारात द्यायच्या आधी एकदा बाहेरच्या ड्राइव्हवरून सुरू करून बघा

माझा २०१२ चा लॅपटॉप सुरू व्हायला सात-आठ मिनिटं घ्यायला लागला होता. ज्याला दाखवला त्याने हेच सांगितलं, वय झालंय, नवा घ्या. मला पटेना. स्क्रीन स्वच्छ, कीबोर्ड उत्तम, रॅम आठ जीबी. मग वय झालं ते नेमकं कशाचं?

डिस्कचं. आत ५४०० आरपीएमची फिरती हार्ड डिस्क होती. सिस्टीम सुरू होताना हजारो बारीक फाइली वाचाव्या लागतात आणि त्यासाठी डिस्कचं वाचणारं टोक सारखं इकडून तिकडे सरकत राहतं. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात सरकणारं काही नसतंच. लॅपटॉप न उघडता मी बाहेरून यूएसबीला एक एसएसडी लावली, तिच्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम टाकली. मिनिटाच्या आत डेस्कटॉप समोर!

पोर्ट मात्र बघून घ्या. यूएसबी २.० चा वेग कागदावर ४८० मेगाबिट, हातात येतात सेकंदाला तीस-चाळीस मेगाबाइट. ३.० चा ५ गिगाबिट; ते पोर्ट बहुधा आतून निळं असतं. साधा पेनड्राइव्ह चाचणीपुरता ठीक, रोजच्या कामाला नको.

सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनू, म्हणजे कुठल्या ड्राइव्हवरून सुरू करायचं ती यादी, उघडायचा. इंटेलच्या मॅकवर ऑप्शन की. ड्राइव्ह दिसत नसेल तर सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सेटिंग, तपासा. फार जुन्या मशीनला यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत कळत नाही, तिथे ड्राइव्ह जुन्या बायोसच्या पद्धतीने तयार करावा लागतो.

आणि हे नक्की वाचा. पहिल्या वेळी माझा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, आतल्या डिस्कवर जाऊन बसला. बाहेरची एसएसडी काढली की विंडोजऐवजी नुसती काळी स्क्रीन! डेटा शाबूत होता, पण ती रात्र फार वाईट गेली. म्हणून इन्स्टॉल करताना आतली डिस्क काढून ठेवा, नाहीतर बायोसच्या सेटिंगमध्ये बंद करा. बॅकअप तर आधीच घ्या.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणून कितीतरी धडधाकट लॅपटॉप अडगळीत जात आहेत. मला हे बघवत नाही. तुमच्याकडे असा एखादा पडून असेल तर मॉडेल आणि वर्ष खाली लिहा. बूट मेनूची की शोधण्यापासून सगळी मदत करेन.