‘ज्युलियस’ हे सीझरचं पाळण्यातलं नाव नव्हे
‘ज्युलियस हे पहिलं नाव आणि सीझर ही त्याची पदवी’ असा मजकूर सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत. या रोमन सेनानीचं स्वतःचं नाव गायस. ज्युलियस हे कुळाचं, सीझर हे कुळातल्या शाखेचं. वडीलही गायस ज्युलियस सीझरच! शिलालेखात गायस पटकन सापडत नाही, कारण तिथे नुसतं ‘सी’ अक्षर कोरलेलं असतं. जुन्या लॅटिनमध्ये ‘ग’साठीही तेच वापरत आणि संक्षेपात ते टिकलं. मुलींना कुळाचंच नाव, स्त्रीलिंगी करून: त्याची आत्या, दोन्ही बहिणी, मुलगी, सगळ्या ज्युलिया. पदवीचं म्हणाल, तर इ.स. ४१ मध्ये रोमचा सम्राट झालेल्या क्लॉडियसने रक्ताने वा दत्तकविधानाने सीझर नसतानाही ते नाव घेतलं. तिथून पुढे ते पदवी होत गेलं.