पुण्य मिळवा, हात न भिजवता

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पोचलं की इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे कोल्हापुरातली शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. पूरग्रस्तांना मदत करायची असली, तरी तुम्ही एवढ्यात हलू नका. टीव्हीवर कौलांना टेकलेलं पाणी आणि बोटीत बसवलेली आजी दिसली, की मगच कळवळून उठा. आधी उठलात तर गावकऱ्यांना वेळेवर हलवायला वाहनं वगैरे पाठवावी लागतील, आणि त्यात बघण्यासारखं काहीच नसतं.

सुरुवात श्रद्धेपासून करावी. नृसिंहवाडीला नदीचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं, की दक्षिणद्वार सोहळा म्हणून भाविक स्नानाला जमतात. नदी तीच, पाणीही तेच. आणखी काही फूट चढलं की ते लोकांच्या स्वयंपाकघरात शिरतं. तिथली श्रद्धा मात्र फार व्यवहारी. पाणी वाढायला लागलं की देवाची उत्सवमूर्ती उंचावर नेतात आणि दावणीची जनावरंही सोडतात. तुम्ही असल्या खटाटोपात पडू नका. हात जोडलेलं चित्र सात ग्रुपांवर टाका, खाली ‘देव त्यांना बळ देवो’ लिहा. म्हणजे कामाची जबाबदारी रीतसर वर पोचली. कुणी फार विचारलंच तर ‘ज्याचं त्याचं प्रारब्ध’ म्हणावं. हा सिद्धांत दुसऱ्याच्या घरापुरताच वापरायचा. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचलं, तर प्रारब्ध बाजूला ठेवून थेट महापालिकेला धारेवर धरावं.

गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. तुम्ही कीर्तन आधी घ्या. खराट्याचं पुढे बघता येईल.

आता वस्तू. पहिला मान जुन्या कपड्यांचा. कपाट आवरायला याहून चांगला मुहूर्त नाही. साड्या द्या, पण परकर-ब्लाउज ठेवून घ्या. बाई साडी नेसणार कशावर, हा तिचा प्रश्न. अठ्ठावीस कमरेची जीन्स, लग्नातली शेरवानी, एकाच पायाचा बूट, सगळं एकाच गाठोड्यात कोंबा आणि बाहेर काहीही लिहू नका. ‘बायकांचे’, ‘मुलांचे, वय ६ ते ८’ अशा चिठ्ठ्या लावल्या, तर तिकडच्या स्वयंसेवकांना उद्योग काय उरणार? पाच-सहा जणांनी दिवसभर तो ढीग निवडत बसावं. तेवढ्यात पावसाची सर येते, गाठोडी भिजतात, दोन दिवसांत बुरशी धरते आणि तुमचं दान गायरानात फेकलं जातं. पण तोवर तुमचं कपाट रिकामं झालेलं असतं. नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, चटया, चादरी, मच्छरदाण्या असलं काही विकत घेऊन पाठवायचा मोह आवरा.

खायचं पाठवायचं तर गरमागरम पुरी-भाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. वाफ आतल्या आत जिरते आणि ट्रक पोचेपर्यंत भाजी आंबते. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग टिकतात, म्हणून ते टाळा. ज्यांची शेगडी वाहून गेली त्यांना कच्चा तांदूळ आणि तूरडाळ द्या. तान्ह्या बाळांसाठी दुधाची भुकटी आणि बाटल्या भरपूर पाठवा. पुराच्या पाण्यात कालवलेली भुकटी लवकर जुलाब लावते, अंगावरच्या दुधाला ते जमत नाही. क्लोरीनच्या गोळ्या नकोत. त्या टाकून अर्धा तास थांबावं लागतं.

जनावरांचं नावच काढू नका. दुभती म्हैस दिवसाला २०-२५ किलो ओली वैरण खाते, वर पेंड मागते, आणि कॅमेऱ्याकडे बघत नाही. तिच्या दुधावर त्या घराचा महिना चालतो, हे खरं. पण वैरणीच्या ट्रॉलीवर फ्लेक्स नीट बसत नाही.

फ्लेक्सवरून आठवलं. तो दहा बाय चार फुटांचा असावा, ट्रकच्या दोन्ही बाजूंना. मालापेक्षा फ्लेक्स आधी छापून घ्यावा, माल कमी पडला तरी चालतो. बिस्किटाच्या प्रत्येक पुड्यावर फोटोचं स्टिकर हवं. पुडा देताना घेणाऱ्याचा एक हात आणि देणाऱ्यांचे किमान आठ हात आले पाहिजेत. घेणाऱ्याने मान खाली घातली तर ‘इकडे बघा काका’ म्हणायला एक माणूस ठेवा.

ट्रक सोडण्याआधी १०७७ वर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन करून कुठल्या गावात काय कमी आहे ते विचारता येतं. विचारू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, तेव्हा रस्ता सुरू आहे की नाही, तेही तिथे जाऊनच बघा. सुरू असलाच तर हमरस्त्यावर पहिलं जे गाव लागेल तिथे माल उतरवा. तिथे आधीच चार ट्रक रिकामे झालेले असतील, त्यामुळे सोबत मिळते. शिरोळ तालुक्यातली खिद्रापूर, राजापूर ही गावं पार कर्नाटक सीमेच्या टोकाला. तिकडे गेलात तर अंधाराआधी परत येणं होत नाही.

पाणी ओसरलं की लगेच थांबा. खरं काम तेव्हाच सुरू होतं. घरात साचलेला गाळ ओला असतो तोवर फावड्याने निघतो. वाळला की खणावा लागतो. त्यासाठी फावडी, घमेली, खराटे, गमबूट, हातमोजे, ब्लीचिंग पावडर, पाण्याचा पंप आणि दोन दिवस राबणारी माणसं लागतात. पंचनाम्याच्या वेळी भिजलेली कागदपत्रं वाळवून कुणाला तरी अर्ज लिहून द्यावा लागतो. पोरांना वह्या-पुस्तकं लागतात. या कशाचंच रील होत नाही.

आणि हो, तुमच्याकडे भांडी-धुण्याला येणाऱ्या मावशींचं घर शिरोळकडचं असलं आणि त्यांनी आठ दिवसांची रजा मागितली, तर बिनपगारी द्या. पूरग्रस्त निधीत तुम्ही आधीच पाचशे एक रुपये भरलेत, पावती दाखवा. मावशी परत येईपर्यंत ‘पूरग्रस्त मदत’ या ग्रुपचं नाव बदलून ‘दिवाळी फराळ ऑर्डर’ करून ठेवा, सभासद तेच आहेत.