वजा सात बिजागऱ्या

कॉम्प्युटर घेतला की माल किती, येणं किती, देणं किती हे एका बटणावर कळतं, असं सॉफ्टवेअर विकायला आलेला मुलगा म्हणाला. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "ते मला आत्ताही कळतं. बाळू, पाऊण इंची एल्बो किती आहेत रे?"

माळ्यावरून बाळूकाका ओरडले, "बास आहेत!"

आमचं कराडला हार्डवेअरचं दुकान. "बास आहेत", "दोन-चार निघतील" आणि "सोमवारच्या गाडीला येतील" या तीन मापांवर ते उत्तम चाललं होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तोही आम्ही नवं बिलबुक छापून आणि उरलेलं सगळं सीएच्या गळ्यात घालून निभावला. पुढे मात्र ज्याच्याकडून माल घेतला त्या व्यापाऱ्यानं आपलं बिल जीएसटीच्या पोर्टलवर चढवल्याशिवाय आम्हाला खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळेना. दर महिन्याच्या १४ तारखेला येणारी त्या बिलांची यादी आमच्या वहीशी ताडून बघताना सीए रडकुंडीला आले. शेवटी म्हणाले, कॉम्प्युटर घ्या, नाहीतर दुसरा सीए बघा. अण्णांनी दोन्हींचा खर्च विचारला आणि कॉम्प्युटर घेतला.

खरा छळ माल कॉम्प्युटरवर चढवण्यात आहे, हे तो चहा पिऊन गेलेला मुलगा बोलला नव्हता. खिळे येतात पोत्यातून, जातात पावकिलोनं, आणि शेजारच्या वहिनींना कॅलेंडर लावायला हवे असतात चार. वायर येते ९० मीटरच्या गुंडाळीत, जाते मीटरवर. स्क्रू बाळूकाका ग्रोसनं मोजतात, म्हणजे १४४, पण डबीवर छापलेलं असतं १००. सॉफ्टवेअर विचारतं, एकक काय? बरं, नाव तरी एक असावं! टॉवर बोल्ट अण्णांनी "टॉवर बोल्ट" म्हणून सांगितला, बाळूकाकांनी "कडी" म्हणून, आणि मी माळ्यावर सापडलेला डबा "लांब कडी" म्हणून लिहिला. झाल्या तीन वस्तू. सरकारच्या जीएसटी यादीत खिळ्याचा नंबर ७३१७ आणि स्क्रूचा ७३१८, अगदी शेजारी-शेजारी. आमच्या दुकानात एक दाराशी आणि दुसरा जिन्याखाली, मधे रंगाचे डबे.

बारकोडचं प्रकरण लवकर आटोपलं. बिजागरीला, बेंडला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं, त्यावर स्टिकर टिकत नाही. तो बाळूकाकांच्या शर्टाला मात्र छान टिकतो. एकदा बारकोड वाचायची गन चुकून त्यांच्या बाहीवर गेली आणि ते दीड इंची बेंड म्हणून गिऱ्हाइकाच्या बिलात लागले.

आणि मग एका सकाळी स्क्रीनवर आलं: बिजागरी चार इंची, शिल्लक वजा ७.

अण्णा चष्मा पुसून आले. "वजा सात बिजागऱ्या? कुठं ठेवल्यात? दाखव मला."

मी समजावलं की माल आला, विकला गेला, पण खरेदीचं बिल अजून चढवलेलं नाही, म्हणून मशीन म्हणतं की नसलेला माल विकलात. अण्णा म्हणाले, "नसलेला माल विकायची अक्कल असती तर मी हार्डवेअर घातलं असतं का?"

अण्णांना मी एकदा टॅलीची गोष्ट सांगितली. (आमचं सॉफ्टवेअर ते नव्हे, निराळंच आहे.) श्याम सुंदर गोयंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल, सुटे भाग पुरवायचे. हिशेबाला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरतला, करायला लावलं. १९८६ साली त्यातून टॅली झालं. अण्णांनी मन लावून ऐकलं. नको ते पण सांगून बसलो: त्या मुलाला २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हापासून काही अडलं की अण्णा म्हणतात, "त्याला पद्मश्री मिळाली, तुला बिजागऱ्या मिळेनात."

तरीही उपयोग झाला, हे कबूल करायला हवं. माळ्यावर मागच्या पिढीतले पितळी नळ अख्ख्या पेट्या अडवून बसले होते आणि आम्ही त्यांना "माल" समजत होतो. यादीत त्यांच्यासमोर विक्री शून्य दिसली आणि अण्णांनी ते मोडीत काढले. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आलं, तेव्हा मी एका ठिकाणी आकडा बदलला आणि सगळी बिलं बरोबर निघाली. पूर्वी असा बदल बिलबुकात उतरायला दिवाळी आली असती आणि दोन गिऱ्हाइकांशी भांडण.

पण अण्णांचं मन जिंकलं ते उधारीच्या यादीनं. तीस दिवस, साठ दिवस, नव्वदच्या वर, अशा रकान्यांत नावं आली. नव्वदच्या वर पहिलंच नाव होतं मामांचं. मामा कॉन्ट्रॅक्टर. मेहुण्याकडे पैसे मागायची अण्णांची कधी छाती झाली नव्हती. मशीनला नाती कुठली! त्यानं सगळ्या थकबाकीदारांना मेसेज धाडला: "आदरणीय ग्राहक, आपल्याकडून येणे बाकी आहे."

संध्याकाळी आईनं ताट वाढताना भाजी आपटली. "माझ्या भावाला आदरणीय ग्राहक?"

तेवढ्यात मामांचा फोन. अण्णा क्षणभर गांगरले, मग त्यांचा आवाजच बदलला. "छे हो, मी कशाला पाठवीन? ते कॉम्प्युटर पाठवतं. आपल्या हातात काही नाही... हो ना, मलाही आवडलं नाही... मी पोराला सांगितलंसुद्धा, पण ते बंदच होत नाही म्हणतो."

रात्री मामांनी निम्मी रक्कम यूपीआयनं पाठवली. आई अजून माझ्याशीच बोलत नाही, अण्णांशी बोलते. अण्णा मात्र हल्ली दुकान उघडलं की आधी माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात आणि हळूच विचारतात, "ते आठवड्यातून दोनदा जाईल असं करता येतं का रे? आणि 'आदरणीय' काढून टाक."